फ्लोराइड मोजणारा स्फटिक

पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड किती असावे, हे भारतीय मानक दोन आकड्यांत सांगते. लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत असेल तर ते पाणी खुशाल प्यावे. जवळपास दुसरा स्रोतच नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालवून घ्यावे. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादाही १.५ मिलिग्रॅमचीच आहे. या दोन आकड्यांमधले अंतर अर्ध्या मिलिग्रॅमचे, म्हणजे हजार लिटरच्या टाकीत अर्धा ग्रॅम. एवढ्याशा फरकावर एखाद्या गावचा हापसा चालू राहतो, नाहीतर त्याच्यावर लाल रंग चढतो.

फ्लोराइड डोळ्यांना दिसत नाही आणि या प्रमाणात त्याला वास किंवा चवही नसते. पाणी उकळले तरी ते जात नाही. थोडे पाणी वाफ होऊन उडते आणि उरलेल्यात फ्लोराइडचे प्रमाण किंचित वाढतेच. त्यामुळे या बाबतीत माणसाला आपल्या इंद्रियांचा काहीच उपयोग नाही. जो काही निर्णय घ्यायचा, तो मोजमापाच्या भरवशावर. आणि गंमत अशी, की फ्लोराइडचे मोजमाप हीच रसायनशास्त्रातली फार काळ डोकेदुखी होती. ती बऱ्याच अंशी दूर केली एका लहानशा, पारदर्शक स्फटिकाने. हा स्फटिक दोन अगदी वेगळ्या पद्धतींनी वापरता येतो. एका पद्धतीत त्याला सरळ आकडा विचारायचा, दुसरीत फक्त बदल विचारायचा. कोणता प्रश्न कधी विचारावा, हे या प्रकरणाचे सार आहे.

दातांवरचे डाग आणि पहिला आकडा

गोष्ट सुरू होते अमेरिकेतल्या कोलोरॅडो स्प्रिंग्ज या गावात. फ्रेडरिक मॅके हा तरुण दंतवैद्य १९०१ मध्ये तिथे आला आणि स्थानिक लोकांच्या दातांवरचे तपकिरी डाग पाहून चक्रावला. डाग घासून जात नव्हते आणि तिथेच लहानाचे मोठे झालेल्यांनाच होत होते. दोष पाण्यात असावा असा त्याला संशय आला. पण पाण्याच्या नेहमीच्या तपासणीत काही सापडेना. सापडणार तरी कसे? फ्लोराइड कोणी शोधतच नव्हते.

उत्तर मिळाले १९३१ मध्ये, तेही एका ॲल्युमिनियम कंपनीच्या प्रयोगशाळेत. आर्कान्सा राज्यातल्या बॉक्साइट नावाच्या गावातही दातांवर तसेच डाग दिसत होते. तिथल्या पाण्याचा नमुना एच. व्ही. चर्चिल या रसायनतज्ज्ञाच्या हाती वर्णपट तपासणीसाठी आला, आणि त्यात फ्लोराइड निघाले : दशलक्ष भागांत १३.७ भाग. पाण्याच्या बाबतीत दशलक्षात एक भाग म्हणजे जवळजवळ लिटरमागे एक मिलिग्रॅम; म्हणजे आजच्या १.५ मिलिग्रॅमच्या मर्यादेच्या नऊपट. पुढे ट्रेंडली डीन यांनी वेगवेगळ्या गावांतले पाणी आणि तिथल्या मुलांचे दात यांचा मेळ घालायचे ठरवले. त्यांची पहिली अडचण वैद्यकातली नव्हती, मोजण्याची होती. लिटरमागे अर्ध्या-एक मिलिग्रॅमच्या फरकावर निष्कर्ष काढायचा, तर त्याहून बारीक माप हवे. एलायस एल्व्होव्ह या रसायनतज्ज्ञांनी दशलक्षात ०.१ भागापर्यंत अचूक जाणारी पद्धत बसवून दिली, तेव्हा कुठे डीन यांचे काम मार्गी लागले.

भारतात हा विकार १९३७ मध्ये तेव्हाच्या मद्रास इलाख्यातल्या नेल्लोर जिल्ह्यातून नोंदवला गेला. पुढे राजस्थान, गुजरात, आंध्र, तेलंगणा अशी यादी वाढत गेली. महाराष्ट्रात यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतल्या काही गावांना फ्लोराइडयुक्त भूजलाने छळले आहे. दातांवर डाग ही पहिली खूण. वर्षानुवर्षे जास्त फ्लोराइड पोटात गेले तर ते हाडांत साठते, सांधे आणि कणा आखडतात, आणि त्या अवस्थेतून माणसाला मागे आणणारे औषध नाही.

भूजलात फ्लोराइड येते ते खडकातून. ग्रॅनाइट आणि नाइससारख्या खडकांतल्या फ्लोराइट, अपेटाइट, अभ्रक अशा खनिजांत ते असते. खोल खडकात दीर्घकाळ मुरलेल्या पाण्यात कॅल्शियम कमी आणि बायकार्बोनेट जास्त असले, की खनिजातले फ्लोराइड सहज सुटते. म्हणूनच उथळ आडाचे पाणी ठीक आणि त्याच आवारातल्या खोल बोअरचे पाणी वाईट, असा प्रकार घडतो. शेजारच्या बोअरचा अहवाल आपल्या बोअरला लावता येत नाही. प्रत्येक ठिकाणचे पाणी वेगळे मोजावे लागते. मोजणी सोपी आणि स्वस्त हवी, ती या कारणाने.

रंगावर विसंबण्याचे दिवस

क्लोराइड मोजणे सोपे. सिल्व्हर नायट्रेट टाकले की पांढरा साका बसतो. हे बारावीच्या प्रयोगवहीतही असते. फ्लोराइडचे मात्र घराणे एक असूनही वागणे निराळे. सिल्व्हर फ्लोराइड पाण्यात मजेत विरघळते, त्यामुळे हा मार्ग बंद.

१९३३ मध्ये विलार्ड आणि विंटर यांनी एक रीत दिली आणि ती पुढची कित्येक वर्षे प्रमाण मानली गेली. नमुना आधी आम्लासह ऊर्ध्वपातित करायचा, म्हणजे फ्लोराइड इतर क्षारांपासून सुटून वाफेबरोबर पलीकडे येते. मग त्यात ब्युरेटमधून थोरियम नायट्रेट सोडायचे. थोरियमचा एक आयन चार फ्लोराइडना बांधतो. सगळे फ्लोराइड संपले की थोरियमचा पुढचा थेंब अलिझरीन या रंगद्रव्याला धरतो आणि फिकट गुलाबी छटा उमटते. ही छटा नेमकी कधी उमटली, यावर दोन निरीक्षकांचे एकमत होणे कठीण. हात बसलेल्या माणसालाच ही रीत साधे.

पन्नाशीच्या दशकात स्पॅडन्स या लाल रंगद्रव्याची पद्धत आली. झिर्कोनियम आणि स्पॅडन्स यांचा लाल संयोग फ्लोराइडमुळे फुटतो आणि रंग फिका पडतो. किती फिका पडला ते वर्णमापकावर ५७० नॅनोमीटरला मोजायचे. ही पद्धत आजही अनेक जिल्हा प्रयोगशाळांत वापरात आहे. पण पाण्यातले ॲल्युमिनियम, फॉस्फेट, उरलेले क्लोरीन हे सगळे त्या रंगात ढवळाढवळ करतात. गढूळ किंवा रंगीत पाणी असेल तर पुन्हा ऊर्ध्वपातन आलेच.

लॅन्थनम फ्लोराइडचा तुकडा

अमेरिकेतल्या केंब्रिज येथील ओरायन रिसर्च या कंपनीतल्या मार्टिन फ्रँट आणि जेम्स रॉस यांचा एक छोटेखानी लेख १९६६ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यात त्यांनी लॅन्थनम फ्लोराइडच्या एकसंध स्फटिकाची चकती प्लास्टिकच्या नळीच्या टोकाला बसवून फ्लोराइडपुरता प्रतिसाद देणारा इलेक्ट्रोड तयार केल्याचे सांगितले होते. पीएच मोजणारा काचेचा इलेक्ट्रोड तोवर जुना झाला होता. पण एखाद्या ऋण आयनासाठी इतका निवडक इलेक्ट्रोड कोणाला साधला नव्हता. क्लोराइड किंवा नायट्रेटपेक्षा फ्लोराइडला तो किमान हजार पटींनी अधिक दाद देत होता.

ही निवडकता येते स्फटिकाच्या रचनेतून. लॅन्थनम फ्लोराइडमध्ये लॅन्थनमचे तीन धन प्रभार असलेले आयन जागच्या जागी घट्ट बसलेले असतात. फ्लोराइडचे आयन मात्र हलू शकतात. ते हलावेत म्हणून स्फटिकात थोडे युरोपियम मिसळतात. युरोपियमच्या आयनावर दोनच धन प्रभार असतात, त्यामुळे तो जिथे बसतो तिथे एक फ्लोराइड कमी पडते आणि जागा रिकामी राहते. पंगतीत मधले एक पान रिकामे असले की शेजारचा सरकून तिथे बसतो, मग त्याची जागा रिकामी होते, तिथे पुढचा सरकतो. तशी ही रिकामी जागा स्फटिकातून फिरत राहते आणि तिच्यामुळे वीज वाहते. ही वाट फ्लोराइडच्याच मापाची आहे. क्लोराइड तिथे मावत नाही, सल्फेटचा तर प्रश्नच नाही.

नळीच्या आत ठरावीक प्रमाणाचे सोडियम फ्लोराइड आणि सोडियम क्लोराइडचे द्रावण असते, त्यात चांदी आणि सिल्व्हर क्लोराइडची तार. बाहेर आपला नमुना. स्फटिकाच्या दोन्ही बाजूंना फ्लोराइडचे प्रमाण वेगळे असले की त्याच्या आरपार विद्युत विभव निर्माण होतो. सोबत एक संदर्भ इलेक्ट्रोड बुडवायचा आणि दोहोंमधला फरक मिलिव्होल्टमध्ये वाचायचा. यंत्र म्हणाल तर एवढेच. महाविद्यालयातला साधा पीएच मीटर, त्यावर मिलिव्होल्टची सोय असली, की हे काम करतो.

एका मिलिव्होल्टची किंमत

विभव आणि प्रमाण यांचे नाते जर्मन शास्त्रज्ञ वॉल्टर नेर्न्स्ट यांनी १८८९ मध्ये मांडलेल्या समीकरणाने ठरते. हे नाते लॉगरिदमचे आहे. फ्लोराइड दहापट झाले की २५ अंश सेल्सिअसला विभव ५९ मिलिव्होल्टने उतरतो. पुन्हा दहापट झाले की आणखी ५९ ने. उतरतो, कारण फ्लोराइडचा प्रभार ऋण आहे.

या नात्याचा मोठा फायदा असा, की लिटरमागे ०.१ मिलिग्रॅमपासून हजारो मिलिग्रॅमपर्यंतचा पल्ला एकाच इलेक्ट्रोडने गाठता येतो. पण हेच नाते अचूकतेच्या मुळावर येते. हिशेब करून पाहू. पाण्यातले फ्लोराइड लिटरमागे १ मिलिग्रॅमवरून १.५ झाले तर विभवात फरक पडतो फक्त साडेदहा मिलिव्होल्टचा. चांगले आणि चालवून घेण्याजोगे यांच्यातले सगळे अंतर एवढ्यातच बसते. वाचन एका मिलिव्होल्टने चुकले तर प्रमाणात सुमारे ४ टक्के चूक होते, १.५ ऐवजी १.४४ किंवा १.५६ येते. एका मिलिव्होल्टची चूक होण्यास फार काही लागत नाही. खालच्या चुंबकी ढवळणीची मोटर तापली, नमुना थेट फ्रिजमधून काढून मोजला, संदर्भ इलेक्ट्रोडचे छिद्र जरा बुजले, तरी पुरते. म्हणून नमुना आणि प्रमाण द्रावणे एकाच तापमानाला आणायची, ढवळणी आणि भांडे यांच्यामध्ये उष्णतारोधक तुकडा ठेवायचा आणि आकडा स्थिरावेपर्यंत थांबायचे. विरळ नमुन्यात तो स्थिरावायला अधिक वेळ घेतो. भांडी प्लास्टिकचीच, आम्लधर्मी फ्लोराइड काचेलाही सोडत नाही.

मोकळे आणि बांधलेले फ्लोराइड

दुसरी अडचण जरा खोलातली आहे. हा इलेक्ट्रोड फक्त मोकळ्या फ्लोराइड आयनाला ओळखतो. दुसऱ्या कशाला तरी जोडलेले फ्लोराइड पाण्यात असूनही त्याच्या लेखी नसते.

द्रावण आम्लधर्मी असेल तर फ्लोराइड हायड्रोजनशी जोडले जाते. पीएच ३.२ च्या आसपास जवळजवळ निम्मे फ्लोराइड असे दडलेले असते. उलट द्रावण फार अल्कधर्मी झाले तर हायड्रॉक्सिल आयन गोंधळ घालतात. प्रभार तोच, आकारही जवळपास तेवढाच. त्यांना इलेक्ट्रोड फ्लोराइड समजून बसतो आणि आकडा फुगतो. म्हणून पीएच ५ ते ५.५ दरम्यान राखणे उत्तम.

त्याहून त्रासदायक म्हणजे ॲल्युमिनियम. ते फ्लोराइडला घट्ट धरून ठेवते. आपल्याकडे या गोष्टीला विशेष महत्त्व आहे. नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने, म्हणजे नीरीने, पाण्यातले फ्लोराइड काढण्यासाठी विकसित केलेल्या नलगोंडा तंत्रात तुरटी आणि चुना वापरतात. तुरटी म्हणजे ॲल्युमिनियमचा क्षार. प्रक्रिया झालेल्या पाण्यात ॲल्युमिनियम उरले असेल आणि नमुना तसाच मोजला, तर त्याने बांधून ठेवलेले फ्लोराइड इलेक्ट्रोडला दिसणार नाही. आकडा खाली येईल आणि प्रक्रिया आहे त्याहून यशस्वी भासेल. चहाचेही तसेच. चहाचे झाड मातीतून फ्लोराइड आणि ॲल्युमिनियम दोन्ही शोषून पानांत साठवते, त्यामुळे काढ्यातले सगळे फ्लोराइड थेट मोजता येत नाही.

यावर फ्रँट आणि रॉस यांनीच १९६८ मध्ये तोड काढली. टायसॅब या नावाने ओळखले जाणारे त्यांचे द्रावण आज प्रत्येक फ्लोराइड इलेक्ट्रोडच्या शेजारी असते. ॲसेटिक आम्ल आणि सोडियम हायड्रॉक्साइड यांनी त्याचा पीएच ५ ते ५.५ राखलेला असतो. भरपूर मीठ, म्हणजे सोडियम क्लोराइड, घातलेले असते, त्यामुळे नमुना आणि प्रमाण द्रावण यांतली एकूण आयनांची गर्दी सारखी होते. इलेक्ट्रोडला कळते ती आयनांची सक्रियता, आणि ती या गर्दीवर अवलंबून असते. तिसरा घटक सायट्रेट किंवा सीडीटीए. हे रेणू ॲल्युमिनियम आणि लोह यांना फ्लोराइडपेक्षा घट्ट धरतात, त्यामुळे फ्लोराइड मोकळे होते. नमुना आणि टायसॅब समसमान मिसळायचे, इलेक्ट्रोड बुडवायचा, वाचन घ्यायचे. ०.२२१ ग्रॅम कोरडे सोडियम फ्लोराइड एक लिटर पाण्यात विरघळले की लिटरमागे १०० मिलिग्रॅमचे प्रमाण द्रावण तयार होते. तेच विरळ करून आलेख काढायचा. पाणी तपासणीची ही रोजची रीत.

आता ब्युरेट

ही रीत पाण्यापुरती ठीक. पण टूथपेस्टचा कारखाना, स्टेनलेस स्टील साफ करणारे आम्लाचे हौद, काच कोरण्याची द्रावणे अशा ठिकाणी ४ टक्क्यांची चूक परवडत नाही. तिथे फ्लोराइड भरपूर असते आणि अचूकता अर्ध्या-एक टक्क्याची हवी असते. इथे ब्युरेटमधून द्रावण सोडण्याची जुनी रीत, म्हणजे टायट्रेशन, नव्या साथीदारासह परत आली.

हार्वर्ड विद्यापीठातले जेम्स लिंगेन यांनी १९६७ मध्ये, म्हणजे इलेक्ट्रोड जाहीर झाल्याच्या पुढच्याच वर्षी, फ्लोराइडचे टायट्रेशन थोरियम, लॅन्थनम आणि कॅल्शियम या तिघांनी करून पाहिले. अंतिम बिंदू रंगावर न ठरवता तो या इलेक्ट्रोडकडून ओळखून घेतला. तिघांत लॅन्थनम सरस ठरले. थोरियम किरणोत्सारी, त्यामुळे ते टळले तर बरेच. कॅल्शियम फ्लोराइड पुरेसे अविद्राव्य नाही. लॅन्थनम नायट्रेटमधला लॅन्थनमचा प्रत्येक आयन तीन फ्लोराइडना घेऊन खाली बसतो. खाली बसणारा हा साका आणि इलेक्ट्रोडच्या टोकाचा स्फटिक, दोन्ही एकाच पदार्थाचे, लॅन्थनम फ्लोराइडचे!

समजा, चंचुपात्रात फ्लोराइडचे द्रावण आहे आणि ब्युरेटमधून लॅन्थनम पडते आहे. निम्मे फ्लोराइड संपले, तरी विभव चढतो फक्त १८ मिलिव्होल्ट. नव्वद टक्के संपले की एकूण ५९. नव्व्याण्णव टक्के संपले की ११८. म्हणजे पहिले नव्वद टक्के संपवायला जेवढे लॅन्थनम लागले, त्याच्या दहाव्या हिश्शात पुढचे ५९ मिलिव्होल्ट चढतात. अंताजवळ थेंबाथेंबाला आकडा धावू लागतो आणि आलेखात उंच उडी दिसते. अगदी शेवटी साक्यातून परत विरघळणारे थोडे फ्लोराइड तिला आवर घालते, तरी ती नजरेतून सुटत नाही. लॉगरिदमच्या ज्या नात्याने थेट मोजणीत चूक वाढवली होती, तेच इथे अंतिम बिंदू उठावदार करते.

खरी मेख पुढे आहे. इलेक्ट्रोड पाच मिलिव्होल्ट वर दाखवतो की खाली, याने आता काहीच बिघडत नाही. उडी किती उंचीवर आली हे कोणी विचारत नाही. ती किती मिलिलिटरला आली एवढेच हवे. उत्तराची जबाबदारी इलेक्ट्रोडवरून निघून ब्युरेट आणि तराजू यांच्यावर येते, आणि ही दोन्ही साधने कित्येक पटींनी भरवशाची. ५० मिलिलिटर नमुन्याला लिटरमागे ०.०१ मोल प्रमाणाचे लॅन्थनम १६.६७ मिलिलिटर लागले, तर त्यात ९.५ मिलिग्रॅम फ्लोराइड आहे; लिटरमागे १९० मिलिग्रॅम. ब्युरेट वाचताना ०.०५ मिलिलिटरची चूक झाली तरी उत्तर ०.३ टक्क्यानेच हलते.

मात्र पथ्ये आहेत. पहिले पथ्य नवख्याला हमखास फसवते. थेट मोजणीत मित्र असलेला टायसॅब इथे शत्रू ठरतो. त्यातले सीडीटीए किंवा सायट्रेट जसे ॲल्युमिनियमला धरते तसे लॅन्थनमलाही धरते; मग ब्युरेटमधून पडणारे लॅन्थनम फ्लोराइडपर्यंत पोहोचण्याआधीच अडवले जाते. म्हणून टायट्रेशनसाठी द्रावण नुसते उदासीन किंवा किंचित आम्लधर्मी करायचे आणि ॲल्युमिनियम, लोह असलेल्या नमुन्यातून फ्लोराइड आधी वेगळे काढायचे. दुसरे पथ्य सबुरीचे. साका हळूहळू बसतो, आपल्या पृष्ठभागावर थोडे फ्लोराइड चिकटवून ठेवतो. अंताजवळ प्रत्येक भरीनंतर आकडा स्थिर होऊ द्यावा लागतो. अल्कोहोल मिसळले तर साक्याची विद्राव्यता घटते आणि उडी अधिक तीव्र होते. तिसरे असे, की एकास तीन या नात्यामुळे आलेख दोन्ही बाजूंना सारखा नसतो. त्याचा सर्वांत तीव्र चढ तुल्यबिंदूवर, म्हणजे लॅन्थनम आणि फ्लोराइड यांचे हे नाते नेमके जुळते तिथे, तंतोतंत येत नाही. उपाय सोपा आहे. लॅन्थनमचे द्रावण माहीत असलेल्या सोडियम फ्लोराइडवर, त्याच पात्रात, त्याच पद्धतीने प्रमाणित करावे. दोन्हीकडे चूक सारखीच होते आणि बरीचशी कटते.

वाकडी रेघ सरळ करणारा ग्रान

अंताजवळचा भाग सगळ्यात महत्त्वाचा आणि तोच सगळ्यात बेभरवशाचा, ही अशा टायट्रेशनची खोच. स्वीडनचे गुन्नार ग्रान यांनी १९५२ मध्ये, फ्लोराइड इलेक्ट्रोड जन्मायच्या कितीतरी आधी, त्यावर सुंदर युक्ती दिली होती. विभव लॉगरिदमने चालतो म्हणून आलेख वाकडा येतो. मग प्रत्येक वाचनाचा उलटा लॉगरिदम घ्या आणि त्या वेळच्या एकूण घनफळाने गुणा. जी राशी मिळते ती उरलेल्या फ्लोराइडच्या सम प्रमाणात असते, आणि ती सरळ रेषेत शून्याकडे उतरते. रेषा पट्टी लावून पुढे वाढवली की आडव्या अक्षाला जिथे छेदते, तो तुल्यबिंदू. अंताजवळच्या कटकटीच्या वाचनांची गरजच उरत नाही. आधीच्या शांत भागातली काही वाचने पुरतात. हे गणित हाताने करणे एकेकाळी कंटाळवाणे होते. आता ते स्वयंचलित टायट्रेटर किंवा साधी स्प्रेडशीट क्षणात करते.

कोणत्या कामाला कोणती रीत

एवढी अचूक रीत असताना पिण्याच्या पाण्यालाही तीच का लावू नये, असा प्रश्न पडेल. लावता येत नाही, कारण लॅन्थनम फ्लोराइड अगदीच अविद्राव्य नाही. लिटरमागे १ मिलिग्रॅम एवढ्या विरळ द्रावणात साका पुरता बसत नाही. उडी चपटी होते आणि शोधून सापडत नाही. टायट्रेशनचे राज्य साधारण लिटरमागे वीस मिलिग्रॅमच्या वर सुरू होते.

टूथपेस्ट हे सीमेवरचे उदाहरण. दशलक्षात हजार भाग फ्लोराइड असलेल्या पेस्टच्या एका ग्रॅममध्ये एक मिलिग्रॅम फ्लोराइड असते. ते ५० मिलिलिटरमध्ये घेतले आणि लिटरमागे ०.००५ मोल प्रमाणाचे लॅन्थनम वापरले तर साडेतीन मिलिलिटर लागते. नमुना जास्त घेतला तर आणखी बरे. पण पेस्टमध्ये फ्लोराइड कोणत्या रूपात आहे, ते वेष्टनावर वाचून घ्यावे. सोडियम फ्लोराइड असेल तर ते पाण्यात लगेच मोकळे होते. सोडियम मोनोफ्लोरोफॉस्फेट असेल तर फ्लोराइड फॉस्फरसला जोडलेले असते आणि इलेक्ट्रोड त्याकडे ढुंकूनही पाहत नाही. आधी आम्लात तापवून ते सोडवावे लागते. नाहीतर चांगल्या पेस्टवर नसलेल्या दोषाचा ठपका येईल.

पाण्यासाठी या दोन रीतींच्या मधला एक मार्ग आहे : ज्ञात भर. टायसॅब मिसळलेल्या नमुन्याचे वाचन घ्यायचे, मग त्यात मोजून थोडे प्रमाण द्रावण घालायचे आणि पुन्हा वाचायचे. शंभर मिलिलिटर पाण्यात लिटरमागे १०० मिलिग्रॅमचे एक मिलिलिटर द्रावण घातले, तर लिटरमागे जवळजवळ एक मिलिग्रॅमची भर पडते. विभव १८ मिलिव्होल्टने उतरला तर फ्लोराइड दुप्पट झाले, म्हणजे मुळातही लिटरमागे एक मिलिग्रॅमच होते. फरक कमी पडला तर मुळात जास्त होते, फरक मोठा तर मुळात कमी. इथेही इलेक्ट्रोडला आकडा न विचारता बदलच विचारला आहे, आणि मोजणी नमुन्याच्याच द्रावणात होत असल्याने नमुना आणि प्रमाण द्रावण यांच्यातल्या फरकाचा त्रास राहत नाही. खारे किंवा विचित्र घटकांचे पाणी असेल तेव्हा ही रीत हाताशी असावी.

तेव्हा निवाडा असा : गावोगावच्या पाण्याचे शेकडो नमुने पाहायचे असतील तर टायसॅब आणि थेट वाचन; एखाद्या नमुन्याबद्दल शंका असेल तर ज्ञात भर; फ्लोराइड भरपूर असून अचूकता टक्क्याच्या आत हवी असेल तर लॅन्थनमचे टायट्रेशन. एकच इलेक्ट्रोड तिन्ही कामे करतो. मात्र कोणत्याही रीतीत बांधलेले फ्लोराइड आधी मोकळे केले नसेल, तर येणारा आकडा कितीही स्थिर दिसला तरी अपुरा असतो.

वाचकाला एवढेच सांगणे, की बोअरचे पाणी पीत असाल तर एकदा त्यातले फ्लोराइड प्रयोगशाळेतून मोजून घ्या. नमुना काचेच्या नव्हे, स्वच्छ प्लास्टिकच्या बाटलीत न्या. अहवालावर ‘पिण्यायोग्य’ एवढाच शेरा असेल तर त्यावर समाधान मानू नका. मिलिग्रॅममधला आकडा मागा आणि तो कोणत्या पद्धतीने काढला ते विचारा. आकडा १.५ च्या आसपास असेल, तर दुसरा नमुना देऊन पुन्हा मोजून घ्या. त्या जागी चांगल्यातले चांगले यंत्रही एका मिलिव्होल्टने चुकू शकते, आणि मर्यादेच्या अलीकडचे पाणी पलीकडचे ठरायला तेवढे पुरते.